शेजारच्या वाडीत वासराला लम्पीच्या गाठी. माझ्या पाच महिन्यांच्या पाडीला आता लस द्यावी का?

माणकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मी सांगोला तालुक्यातला. गोठ्यात चार एचएफ (होल्स्टीन) संकरित गाया, एक खिल्लार बैलजोडी आणि पाच महिन्यांची एक पाडी आहे. रोजचं पन्नास लिटरच्या आसपास दूध डेअरीला जातं, घर त्याच्यावरच चालतं.

परवा ओढ्यापलीकडच्या वाडीत एका वासराच्या अंगावर गाठी दिसल्या. मी बांधावरूनच बघितलं, जवळ गेलो नाही. मानेवर आणि पाठीवर सुपारीएवढ्या गाठी, पुढचा एक पाय सुजलेला, डोळ्यातून पाणी. मालक म्हणतात, उष्णतेच्या गाठी आहेत, पाऊस पडला की उतरतील. त्यांनी दवाखान्यात कळवलेलं नाही. मी कळवलं तर पिढ्यान्‌पिढ्याचा शेजार तुटेल अशी भीती वाटते.

माझ्या मोठ्या जनावरांना गेल्या जूनमध्ये लम्पीची लस झाली आहे, म्हणजे वर्ष भरत आलं. पाडी जानेवारीतली. यंदाचा कॅम्प मार्चमध्ये झाला, तेव्हा ती लहान म्हणून तिला वगळलं आणि मोठ्यांचं वर्ष भरायचं होतं म्हणून मीही गडबड केली नाही. आता वाटतं, चूक केली.

एक गाय आठव्या महिन्यात गाभण आहे. पुढच्या आठवड्यात लाळ्या-खुरकतचा कॅम्पही आहे. दोन्ही लसी एकदम चालतात का? आई म्हणते, आजार दारात असताना टोचू नका, उलट अंगावर येईल. शिवाय २०२२ ला लस दिल्यावर एका गाईचं दूध तीन दिवस कमी झालं होतं, ते ती विसरलेली नाही. काय करावं? लवकर सांगा.

तापीकाठ

दादा, आधी कळवा. बाकी सगळं नंतर.

मी रावेर तालुक्यातली. ऑगस्ट २०२२ मध्ये राज्यात त्या वर्षीची लम्पी आमच्याच तालुक्यात, चिनावलला पहिल्यांदा सापडली. आमच्याकडे पोळा आठवड्यावर आला होता. बैलाची शिंगं रंगवायला रंग आणून ठेवलेला, आणि सर्जाला ताप भरला. दुसऱ्या दिवशी अंगभर गाठी. पुढचे दोन्ही पाय सुजून खांबासारखे झाले, गळ्याखालच्या पोळीत पाणी उतरलं. त्याला बसता येईना, बसला तर उठता येईना. अकरा दिवस मी आणि सासरे रात्री आळीपाळीनं त्याच्याजवळ बसलो. तांदळाची पेज आणि गूळ बाटलीनं पाजायचो, हळूहळू, ठसका लागू न देता. बाराव्या दिवशी पहाटे गेला.

आम्ही पहिल्या दिवशीच दवाखान्यात नोंद केली होती, त्यामुळे पंचनामा झाला आणि बैलाचे २५ हजार मिळाले. गाईला ३० आणि वासराला १६ हजार असा तेव्हाचा दर होता. आमच्या गल्लीत आमच्या आधी पाच-सहा दिवस एकाची गाय आजारी होती. त्यांनी डेअरी बंद होईल म्हणून सांगितलं नाही आणि रात्रीतून पुरली. त्यांना एक पैसाही मिळाला नाही, कारण कागदावर ती गाय आजारीच नव्हती. पैशाचं जाऊ द्या. ते पाच दिवस आधी बोलले असते तर आमच्या गल्लीत सुया आधी आल्या असत्या. त्या माणसाचा मला राग नाही, त्याचंही पोट डेअरीवरच होतं. पण सर्जाची दावण आजही मोकळी आहे.

जुना पर्यवेक्षक

ताईंनी सांगितलं ते आधी करा. आता बाकीचं मी जरा सविस्तर लिहितो, कारण प्रश्न विचारणाऱ्यानं सगळं नीट मांडलं आहे.

मी पशुधन पर्यवेक्षक होतो. ३३ वर्षं नोकरी, बहुतेक सगळी श्रेणी-२ च्या दवाखान्यांत, सोलापूर आणि साताऱ्याच्या दुष्काळी पट्ट्यात. आता निवृत्त आहे, पण २०२२ ला गावात माणसं कमी पडली तेव्हा डॉक्टरांबरोबर रोज गोठ्यागोठ्यांनी फिरलो. उपचार ठरवणं डॉक्टरांचं काम, ते त्यांनाच करू द्या. मी हातानं केलेलं आणि डोळ्यांनी पाहिलेलं तेवढं सांगतो.

आज संध्याकाळी थर्मामीटर घेऊन गोठ्यात जा. सातही जनावरांचा ताप बघून वहीत लिहा. उद्या सकाळी पुन्हा, आणि पुढं दोन-तीन आठवडे रोज. साधारण १०१ ते १०२ असतो, वासराचा किंचित जास्त. १०३ च्या वर गेला तर त्या जनावराला लस द्यायची नाही, डॉक्टरांना बोलवायचं. मग खांद्याच्या पुढं, मानेच्या मुळाशी बोटं रुतवून बघा. तिथं कातडीखाली एक लांबट गाठ असते, निरोगी जनावरात ती सहजासहजी हाताला लागत नाही. लम्पीत ती अंड्याएवढी फुगते, आणि अंगावर गाठी उठायच्या आधी फुगते. २०२२ ला मी शेकडो जनावरांच्या खांद्याला हात लावला. कातडी गुळगुळीत, मालक म्हणतोय काही नाही, आणि बोटाखाली ती टम्म गाठ. दोन दिवसांनी अंगभर फोड. लवकर कळायला याच्याहून सोपी खूण मला माहीत नाही.

तुमच्या आईंचं म्हणणं. त्यांना माझा नमस्कार सांगा आणि हे वाचून दाखवा. आई, तुमच्या भीतीत तथ्य आहे, पण त्याचं कारण वेगळं आहे. आजार अंगात शिरल्यापासून गाठी दिसेपर्यंत एक-दोन आठवडे, कधी त्याहून जास्त जातात. त्या मधल्या काळात लस टोचली तर आजार थांबत नाही, ठरल्याप्रमाणे उठतोच. लोकांना वाटतं सुईनं आणला. लस अंगात पुरती उतरायला साधारण तीन आठवडे लागतात. म्हणून तर ती पावसाच्या आधी, एप्रिल-मे मध्ये द्यायची असते, माश्या वाढायच्या आत. पण आता उशीर झाला म्हणून सोडायची नाही. ज्याला ताप नाही, गाठ नाही, त्याला द्यायचीच. बाधित जागेपासून पाच किलोमीटरचा घेर धरतात आणि लसीकरण बाहेरून आत करत येतात. तुमचा गोठा त्या घेरात आहे, पण घेर आखायला कुणाला तरी आधी आजाराची खबर लागते. ती खबर सध्या फक्त तुमच्याकडं आहे.

दूध कमी होतं हे खरं. दोन-तीन दिवस थोडं उतरतं, टोचलेल्या जागी सूज येते, एखाद्याला बारीक ताप. लम्पी झालेली संकरित गाय किती दूध चोरते आणि कासेवर फोड आले तर तो सड कायमचा कसा जातो, हे तुमच्या भागातल्या कुणालाही विचारा.

आता पाडी. मला सगळ्यात जास्त काळजी तिचीच वाटते, आणि मी इतकं लिहितोय तेही तिच्यासाठीच. २०१९ च्या पशुगणनेत राज्यात १ कोटी ४० लाखांच्या आसपास गोवंश होता, आणि २०२२ च्या पावसाळ्यात-हिवाळ्यात त्यातल्या बहुतेकांना लस टोचून झाली. इतकं मोठं काम मी माझ्या नोकरीत कधी पाहिलं नव्हतं. तरी पुढच्या वर्षी, २०२३ ला, आजार पुन्हा आला. कुणात? वासरांत. लस दिलेल्या गाईच्या चिकातून वासराला संरक्षण मिळतं, ते चार-सहा महिन्यांत ओसरतं. आणि कॅम्प तर वर्षातून एकदा. कॅम्पाच्या दिवशी जे दोन महिन्यांचं होतं ते वगळलं जातं, आणि चार महिन्यांचं झाल्यावर त्याच्याकडं कुणी परत येत नाही. सरकारी नोंदीत गाव पूर्ण असतं, गोठ्यात पाडी उघडी असते. तुम्ही स्वतःला दोष देऊ नका, वगळलेल्या वासरांची वेगळी यादी ठेवायला हवी होती आणि ती ठेवणं आमच्यासारख्यांचं काम होतं. उद्या ताप नसेल तर डॉक्टरांकडून पहिली सुई तिला. चार महिने उलटून गेलेत, थांबायचं कारण नाही.

आठ महिन्यांच्या गाभण गाईबद्दल डॉक्टरांना भरवल्याची तारीख दाखवा. आम्ही शेवटच्या टप्प्यातल्या गाईला कॅम्पाच्या धावपळीत, आडवं पाडून, ओढाताण करून कधी टोचलं नाही. तिचा निर्णय डॉक्टर गोठ्यात येऊन घेतील. दोन लसी एकदम नको. साधारण तीन आठवड्यांचं अंतर ठेवतात. आजार ओढ्यापलीकडं आलाय, तेव्हा आधी लम्पीची, आणि कॅम्पवाल्यांना तसं सांगून लाळ्या-खुरकतची नंतर. पण ती चुकवू नका. लाळ्या-खुरकतची लस मेलेल्या विषाणूची असते, तिची ताकद टिकत नाही, म्हणून दर सहा महिन्यांनी द्यावी लागते. २०१९ पासून केंद्राची मोठी मोहीम चालू आहे, कानातला बारा आकडी बिल्ला त्याच नोंदीसाठी आहे. वासराला चौथ्या महिन्यात पहिली आणि महिन्याभरानं दुसरी. ही दुसरीच बहुतेकांची राहते.

सुईबद्दल हात जोडून सांगतो. प्रत्येक जनावराला नवी सुई. माशी जे करते तेच एक सुई करते, आणि जास्त चोख करते. २०२२ ला एका वस्तीवर एक खाजगी माणूस एकाच सुईनं अठरा जनावरं टोचून गेला होता. त्यातल्या किती आजारी पडल्या ते मी इथं लिहीत नाही, पण त्या वस्तीचा रस्ता आला की अजून पोटात कालवतं. आणि लसीची बाटली बर्फातून निघाली का, पावडरीत द्रावण कधी मिसळलं, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. मिसळल्यावर दोन तासांत संपवायची, उरली तर टाकून द्यायची.

माश्या. गोमाशी पायाला चावते, जनावर सारखं पाय आपटत असेल तर समजा ती आहे. ती ओल्या शेणात आणि गव्हाणीखाली सडलेल्या वैरणीत वाढते. उकिरड्यावर प्लास्टिक टाका, गोठ्यात चुना मारा, संध्याकाळी कडुनिंबाच्या ओल्या पाल्याचा धूर करा. गोचीड हातानं काढून जाळा. वाडीकडचा माणूस, वाडीकडची वैरण, वाडीकडचा वळू, काही आत घेऊ नका. वळूच्या वीर्यातूनही हा विषाणू जातो. गाठीची खपली पडली तरी त्यात तो महिनाभर जिवंत राहतो, म्हणून बरं झालेलं जनावर लगेच कळपात सोडायचं नसतं.

आता शेजाऱ्याचं. जनावरांच्या संसर्गजन्य रोगांचा २००९ चा कायदा आहे, त्याप्रमाणे मालकानं कळवणं बंधनकारक आहे. पण कायदा घेऊन त्यांच्या दारात जाऊ नका. मी सांगतो तसं जा.

मी नोकरीला लागलो तेव्हा बुळकांडी अजून होती. आज गोठा सांभाळणाऱ्या तुमच्या वयाच्या मुलांना हा शब्दही माहीत नाही, आणि याच्यासारखं समाधान मला दुसऱ्या कशात नाही. डोळ्यांतून पाणी, तोंडात फोड, मग पिचकारीसारखी हगवण, आठवड्यात गाय आडवी. गोठेच्या गोठे रिकामे व्हायचे. त्या रोगापायीच इंग्रजांनी १८८९ मध्ये पुण्यात जनावरांच्या रोगांची प्रयोगशाळा काढली, तीच पुढं मुक्तेश्वरला गेली. स्वातंत्र्यानंतर १९५४ ला देशभर मोहीम सुरू झाली. देशातला शेवटचा उद्रेक १९९५ चा. २००६ ला भारत मुक्त जाहीर झाला आणि २०११ ला सगळं जग. माणसाच्या देवीनंतर पृथ्वीवरून पुसला गेलेला हा दुसराच रोग.

लस चांगली होती, एकदा दिली की जन्मभराचं काम व्हायचं. विषाणूचा प्रकारही एकच होता आणि बरं झालेलं जनावर तो अंगात बाळगत नसे. लाळ्या-खुरकतचं तसं नाही, आपल्याकडंच त्याचे ओ, ए आणि एशिया-१ असे तीन प्रकार फिरतात. लम्पीत तर माशी मध्ये आहे. पण नुसत्या लसीनं बुळकांडी गेली नाही. शेवटची काही वर्षं आम्ही लस टोचणं बंद केलं होतं आणि गावोगाव नुसतं विचारत हिंडत होतो. पारावर बसायचं, गुराख्याला तंबाखू द्यायची आणि विचारायचं, ‘मामा, डोळ्यातून पाणी, तोंडात फोड आणि हगवण, असं एकत्र कुठं दिसलं का?’ रजिस्टरात लिहायचं: ‘नाही.’ पुढचं गाव. ‘नाही.’ ते खरं असायला हवं होतं. एका गावानं एक गाय लपवली असती तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. आणि लोकांनी लपवलं नाही, कारण आम्ही दंडाची पावती घेऊन जात नव्हतो, माहितीचा माणूस म्हणून जात होतो.

तेव्हा तुम्ही शेजाऱ्याकडं जा, गोठ्याबाहेर उभे राहा, आणि म्हणा, ‘अण्णा, माझ्या पाडीलाही लस नाही. मी डॉक्टरांना बोलावतोय, तुमचं वासरूही त्यांना दाखवू.’ नोंद झाली तर पुढं काही बरंवाईट झालं तरी कागद त्यांच्या बाजूनं असेल, हे ताईंचं उदाहरण सांगा. दूध उकळून प्यायला हरकत नाही आणि हा आजार माणसाला होत नाही, हेही सांगा. त्यांची निम्मी भीती तिथंच असेल.

पांढरकवड्याचा शेळीवाला

मध्येच विचारतो, माफ करा. माझ्या बावीस शेळ्या आणि दोन गाई एकाच छपराखाली आहेत. २०२२ ला गाईंना शेळ्यांच्या देवीची लस दिली असं ऐकलं होतं. मग लम्पी शेळीला होते का? आणि शेळीला पीपीआर दिली की भागतं का?

जुना पर्यवेक्षक

लम्पी गाईची, आणि थोडीफार म्हशीची. शेळीला होत नाही. पण लम्पीचा विषाणू आणि शेळी-मेंढीच्या देवीचा विषाणू एकाच घराण्यातले सख्खे चुलत आहेत, म्हणून शेळीची लस गाईला उपयोगी पडली. खास लम्पीची देशी लस हिसार आणि इज्जतनगरच्या संस्थांनी तयार केली, ऑगस्ट २०२२ मध्ये जाहीर झाली. आपल्या पुण्याच्या औंधमधल्या संस्थेलाही तिचं तंत्रज्ञान दिलं गेलं.

पीपीआर हा वेगळाच रोग, बुळकांडीच्या नात्यातला. शेळीला ताप, नाकातून घट्ट शेंबूड, तोंडात चट्टे, हगवण. त्याची लस एकदा दिली की साधारण तीन वर्षं चालते. पण तुमच्याकडंही तोच प्रश्न येईल, कॅम्पानंतर जन्मलेली करडं. वहीत त्यांचं एक वेगळं पान करा, जन्मतारखेसकट. बाजारातून नवीन शेळी आणली तर तीन आठवडे वेगळी बांधा, एका छपराखाली अजिबात नको.

माणकाठ

काका, ताई, काल लिहायला जमलं नाही.

तुमचं वाचून रात्रीच १९६२ या जनावरांच्या हेल्पलाइनच्या नंबरवर फोन लावला आणि सकाळी दवाखान्यात गेलो. त्याआधी सातला अण्णांकडं गेलो, गोठ्याबाहेर उभा राहिलो आणि तुम्ही लिहिलं होतं तेच शब्द बोललो. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘पोरा, परवापासून मला झोप नाही.’ आतल्या बाजूला त्यांची दुसरी एक कालवड होती, तिलाही ताप होता. ती मला बांधावरून दिसलीच नव्हती.

डॉक्टर साडेदहाला आले. आधी माझ्याकडं, मग कपडे-बूट बदलून वाडीवर. काका, पाडीच्या खांद्यापाशी मी बोटं घातली, काही लागलं नाही. ताप १०१.८. तिला लस झाली. चारपैकी तीन गाया आणि बैलजोडीलाही, प्रत्येकाला वेगळी सुई, रिकाम्या सुया मी स्वतः मोजल्या. गाभण गाईला आत्ता नको म्हणाले, व्यायल्यावर देणार. तोपर्यंत तिला परड्यात वेगळं बांधलंय, जुनी मच्छरदाणी चारी बाजूंनी शिवून लावली आहे.

अण्णांच्या वासराच्या फोडांवर मलम आणि पाच दिवसांची इंजेक्शनं चालू आहेत. कालवडीला अजून गाठी उठल्या नाहीत. वस्तीवरच्या बाकीच्या जनावरांची यादी करायला डॉक्टरांनी मला आणि अण्णांच्या मुलाला सांगितलं होतं. दुपारी दोघं फिरलो. एकवीस घरं, चौसष्ट जनावरं, त्यातली सतरा वासरं मार्चच्या कॅम्पात वगळलेली. उद्या आठ वाजता पिंपळाखाली लसीकरण आहे. लाळ्या-खुरकतचा कॅम्प पुढं ढकलला आहे.

आई आत्ता परड्यात धूर करायला गेली आहे. रोजचा ताप वहीत लिहून इथं टाकत जाईन.